विदेशी विद्यार्थी कक्षातल्या पराते मॅडम

पराते मॅडम माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी त्याच्या बाहीचं कापड बघत. नुसतं बघतही नसत. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहत. परदेशातून आलेला कुठलाही मुलगा त्यांच्या टेबलासमोर पहिल्यांदा उभा राहिला, की पासपोर्ट मागायच्या आधी त्यांचा हात पुढे यायचा.

"हे पॉलिस्टर आहे गा. मे महिन्यात मरशीन याच्यात."

समोरच्याला यातलं अक्षर कळत नसे. तो घाबरून पासपोर्ट पुढे करी. मॅडम म्हणत, "थे ठेव बाजूले. आधी कपडा कुठून घेतला सांग." मग कधीतरी शनिवारी त्या अशा दोन-तीन पोरांना घेऊन इतवारीच्या बाजारात जात आणि सुती कापड घेऊन देत. दुकानदारही त्यांना वचकून असे. ताणा-बाणा ओळखणाऱ्या बाईपुढे थापा चालत नाहीत.

त्या नागपूरच्या तांडापेठेतल्या विणकरांच्या घरातल्या. त्यांच्या लहानपणी घरात माग होते. त्या बी.कॉम. झाल्या तोवर माग विकले गेले होते आणि भाऊ दुसऱ्या कामाला लागले होते. इंदू पराते आमच्या कॉलेजात कारकून म्हणून आल्या, त्या नोकरी सुटेपर्यंत तिथेच राहिल्या. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मागच्या महिन्यात त्या गेल्या. घाटावर मला त्यांचे भाऊ भेटले, तेव्हा लक्षात आलं की इतकी वर्षं शेजारी बसूनही त्यांच्या घरातलं एकही माणूस मला नावानं ठाऊक नव्हतं. मला माहीत आहे ते सगळं प्लायवुडच्या एका भिंतीपलीकडून ऐकलेलं.

मी कॉलेजचा ग्रंथपाल. आमचं कॉलेज हुडकेश्वरच्या पुढे, जिथं वस्ती संपून तुरीची शेतं लागतात तिथं. आता तिथंही वस्ती झाली आहे. फार्मसी आणि विज्ञान एवढेच अभ्यासक्रम. संस्थेनं खटपट करून परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची सरकारी मान्यता मिळवली, तेव्हा त्यांच्या कामासाठी जागा हवी झाली. वाचनकक्षाचा शेवटचा भाग प्लायवुड ठोकून तोडला आणि बाहेर पाटी लागली, 'विदेशी विद्यार्थी कक्ष'. टेबल, दोन खुर्च्या, एक कूलर आणि पराते मॅडम. इंग्रजी बेताचं, हिंदी नागपुरी. कोणालाच ते काम नको होतं म्हणून त्यांच्याकडे आलं होतं.

काम काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा ज्या कॉलेजाच्या नावावर असतो, ते कॉलेज सरकारला त्याच्याबद्दल जबाबदार असतं. तो वर्गात येतो का, कुठं राहतो, हे दर महिन्याला कळवायचं. न सांगता गैरहजर राहिला, तर लगेच पोलिसांच्या विदेशी नोंदणी शाखेला कळवायचं. मॅडम पत्ते कळवत, महिन्याचं विवरण वेळेवर पाठवत. गैरहजेरी मात्र त्यांनी कधीच कळवली नाही.

"पोट्टं घरी नाई आलं तर आपण आधी शोधतो का आधी ठाण्यात जातो?" हा त्यांचा प्रश्न. तो त्या प्राचार्यांना विचारत, मला विचारत, शिपायाला विचारत. उत्तराची वाट बघत नसत. स्कूटीची किल्ली उचलून निघून जात.

जोसेफचा किस्सा कॉलेजात सगळ्यांना पाठ होता. हा टांझानियाचा मुलगा, उंच, हसरा, बी.एस्सी.ला. तीन दिवस रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला आला नाही. खोलीला कुलूप. मॅडमनी त्याच्या खोलीशेजारच्या पानठेल्यावर चौकशी केली आणि थेट कामठी गाठली. तिथं एका क्लबाचे फुटबॉलचे सामने चालू होते आणि आमचा जोसेफ पिवळी जर्सी घालून पुढच्या फळीत खेळत होता. मैदानाच्या कडेला सगळे पुरुष. मध्ये साडीतल्या मॅडम, हातात पर्स.

प्रशिक्षक धावत आला. "मॅडम, हाफटाइम तरी होऊ द्या."

"होऊ दे न. मी कुठं चालली."

मध्यंतरात जोसेफ खाली मान घालून समोर उभा राहिला. त्यांनी आधी जर्सीचं कापड चोळून पाहिलं. "नायलॉन. छान. घामानं पुरळ येईन." मग म्हणाल्या, "काल प्रॅक्टिकल होतं न तुयं?"

"मॅडम, दो गोल किया."

"गोल घेऊन जाजो मंग घरी. मायले म्हणजो, डिगरी नाई आणली, गोल आणले."

पण त्यांनी त्याला मैदानातून ओढून आणलं नाही. उरलेला सामना उभ्यानं पाहिला. तो जिंकल्यावर त्याला जर्सीसकट स्कूटीवर मागे बसवलं आणि कामठीहून आणलं. ज्यांनी ती वरात पाहिली ते सांगत, की त्याचे गुडघे स्कूटीच्या दोन्ही बाजूंना इतके बाहेर आले होते, की ऑटोवाले बाजूला सरकत होते.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "काहून हसून राहिला बे?" आणि जोसेफचा आवाज, "हौ मॅडम. सॉरी मॅडम." ही पोरं हिंदीतल्या 'हाँ' आणि 'क्यों'च्या आधी 'हौ' आणि 'काहून' शिकत. विद्यापीठाच्या एका समारंभात जोसेफनं कुलगुरूंना 'हौ सर' म्हटल्याचं मला नंतर कळलं.

आणि सलमा. ती सुदानमधल्या ओमदुरमान शहराची, बी.फार्म.ला. तिला मॅडमपेक्षाही मीच जास्त पाहिलं असेल, कारण वाचनकक्ष उघडायच्या आधी ती दाराशी असे. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याकडे ती ज्या नजरेनं बघे, ती नजर ग्रंथपालाला जन्मात एखाद्या वेळीच भेटते. मराठी ती मॅडमकडून शिकली, त्यामुळे ती मराठी नागपूरचीच होती. "सर, हे पुस्तक मले उद्या पाहिजे" असं ती गंभीर चेहऱ्यानं म्हणे.

तिच्या आईचा व्हिडिओ कॉल येई. सलमा वर्गात असली, की फोन मॅडमकडे ठेवलेला असे. पलीकडे आई अरबीत बोलायची, अलीकडे मॅडम नागपुरी मराठीत. दोघींना एकमेकींचं काही कळत नसे. तरी बोलणं रंगत जाई. "हौ, खाते न. बारीक झाली पण. तुमी नका काळजी करू. अभ्यास लय करते वं पोट्टी." पलीकडून हसण्याचा आवाज. एकदा सलमा मध्येच आली आणि म्हणाली, मी सांगते ती काय म्हणते ते. मॅडमनी तिला हातानं थांबवलं. "तू मधात नको येऊ. आमचं बरं चाललं."

सलमा तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या देशात लढाई पेटली. घर गेलं. वडील मागे राहिले, त्यांचा पत्ता लागेना. आई धाकट्या दोघांना घेऊन कैरोला पोचली. कॉल येत, पण आता आई फार बोलत नसे, नुसती बघत बसे. मॅडमही बघत बसत. सलमाची डिग्री झाली की ती कैरोत औषधांच्या दुकानात काम करणार, मग घर चालेल, असं ठरलं होतं. म्हणजे तसं दुसरं काही ठरण्यासारखं उरलंच नव्हतं. तेव्हापासून तिच्या पदवीकडे कैरोतली तीन माणसं डोळे लावून होती. मॅडमना धरलं तर चार.

हमीद त्याच सुमाराला गेला.

तो अफगाणिस्तानचा. शांत, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. दिल्लीत काका आलेत, चार दिवस जाऊन येतो, म्हणून गेला आणि आलाच नाही. फोन करायचा, "मॅडम, येतो," म्हणायचा. मॅडमनी पंधरवडाभर वाट पाहिली आणि एक दिवस रजा टाकून रेल्वेनं दिल्लीला गेल्या. नियमानं त्यांनी फक्त एक ओळ कळवायची होती. त्याऐवजी त्या पत्ता विचारत विचारत एका बेकरीत जाऊन पोचल्या. हमीद तंदूरसमोर रोट्या लावत होता. विद्यार्थी व्हिसावर काम करायला बंदी असते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि यांनाही. काका आजारी, त्याची लहान मुलं, कमावणारं दुसरं कुणी नाही.

परत आल्यावर त्या माझ्याकडे आल्या. त्या क्वचितच भिंतीच्या या बाजूला येत.

"पोट्टा म्हणते, मॅडम लिहू नका. लिहिलं त मले परत पाठवतीन. आन् परत गेला त काय होईन, तुमाले मालूम आहे."

मी विचारलं, "मग तुम्ही काय लिहिणार?"

"येतो म्हणाला. ईदनंतर येतो म्हणाला."

त्या महिन्याच्या विवरणात त्यांनी हमीदपुढे 'उपस्थित' लिहिलं. पुढच्या महिन्यात तेच लिहिलं. प्राचार्यांनी सही केली. हमीद वर्गात नाही हे प्राचार्यांना माहीत होतं, त्याच्या विभागाला माहीत होतं, मला माहीत होतं. मॅडमची रीत सगळ्यांच्या सोयीची होती. कुणाला तक्रार नको होती, आणि शोधायला जायला त्या होत्या. ईद झाली. हमीद आला नाही. काही दिवसांनी त्याचा फोन लागेनासा झाला. 'उपस्थित' लिहिणं मात्र चालू राहिलं. आता गैरहजर लिहायचं, तर आधीचे महिने कुठं गेले, हे सांगावं लागलं असतं.

पुढे दिल्लीत कुठल्याशा साध्या तपासणीत तो सापडला. खिशात आमच्या कॉलेजचं ओळखपत्र. तिथून विचारणा आली, हा विद्यार्थी तुमच्याकडे आहे का. आमच्याच विवरणानुसार तो त्या दिवशी नागपुरात तासाला बसलेला होता.

हमीदचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही; चौकशीला मात्र दिल्लीहून एक अधिकारी आले. तरुण, शांत, आवाज न चढवणारे. परदेशी विद्यार्थ्यांच्या समितीवर ग्रंथपाल म्हणून माझं नाव होतं, त्यामुळे प्राचार्यांच्या खोलीत मलाही बसावं लागलं. प्राचार्य म्हणाले, मॅडमनी कागद दिला, मी विश्वासानं सही केली. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, लिखनेवाली मैं ही हूँ." आणि मग, न राहवून, तो आपला प्रश्न विचारलाच. पोट्टं घरी नाही आलं, तर आधी शोधतात की आधी ठाण्यात जातात.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, आप उनकी मौसी नहीं हैं. आपके भरोसे पर उनको इस देश में आने दिया गया है. आप झूठ लिखेंगी, तो बाकी बच्चों के बारे में हम किसकी बात मानें?"

   मॅडमनी साडीच्या पदराचा काठ दोन बोटांत धरला होता आणि त्या तो चोळत होत्या.

मान्यता लगेच रद्द झाली नाही. एका सत्रापुरती सशर्त ठेवली. प्रत्येक गैरहजेरी चोवीस तासांत कळवायची, सत्राअखेर निर्णय होईल, असं पत्र आलं. सलमाचं ते शेवटचं वर्ष होतं. मॅडमनी सगळ्या परदेशी मुलांना वाचनकक्षात बोलावलं आणि उभ्यानं सांगितलं, "आता कोणी न सांगता घरी राह्यलं, त मी लिहिणार. मंग मले म्हणू नका." मुलं हसली. त्यांना वाटलं, मॅडमचं नेहमीचं दटावणं आहे. सलमा तेवढी हसली नाही.

त्या सत्रात मॅडम बदलल्या. पूर्वी भिंतीपलीकडे सतत काहीतरी चालू असे. रागावणं, हसणं, फोनवरचं ओरडणं. आता तास सुरू झाला की त्या स्वतः प्रत्येक वर्गाच्या दाराशी जाऊन उभ्या राहत, बघत, परत येऊन बसत. कुणी खोकला, तरी त्याला घरी जा म्हणायची त्यांना भीती वाटे. इतवारीत जाणं थांबलं. एका नवीन आलेल्या मुलीनं पासपोर्ट पुढे केला, तर त्यांनी तो मुकाट्यानं घेतला. तिच्या बाहीला हात लावला नाही.

मग जोसेफ आला नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी फोन केला, तो बंद. संध्याकाळी मी निघालो तेव्हा त्या टेबलाशी बसून होत्या. स्कूटीची किल्ली समोर पडलेली. मी म्हणालो, "जाऊन बघायचं का? मी येतो सोबत."

"कामठीले असन," त्या म्हणाल्या. "सामने सुरू आहेत. गेली त सापडन. सापडला त लिहवणार नाई मले."

"मग?"

"सलमाची शेवटची परीक्षा आहे न उन्हाळ्यात."

त्यांनी लिहिलं. नोकरीत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी दोन पोलीस जोसेफच्या खोलीवर गेले. तो कामठीला नव्हता. तापानं फणफणून खोलीतच पडला होता, पाणी घ्यायलाही उठता येत नव्हतं. त्यांनीच त्याला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डेंग्यू होता. संध्याकाळी त्यांच्यातला एक हवालदार कॉलेजात सही घ्यायला आला. चांगला माणूस होता, टोमणा मारायचा म्हणून नाही, साधं विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "दोन दिवस याले पाह्यले कोणी गेलं नाई का मॅडम?"

मॅडमनी सही केली. म्हणाल्या, "नाई."

जोसेफ बरा होऊन आला, तो त्यांच्यावर रागावला नव्हता. तो म्हणाला, "हौ मॅडम, रूल आहे न." त्याला वाटलं आपण त्यांची समजूत घालतो आहोत.  तो गेल्यावर पलीकडून नुसता कूलर ऐकू येत होता.

सत्राअखेर पत्र आलं. मान्यता रद्द. कारण म्हणून मागची खोटी विवरणं दाखवली होती. या सत्रात नियम पाळल्याचा उल्लेख होता, एका वाक्यात. आमच्याकडे शिकणाऱ्या सगळ्या परदेशी मुलांनी ठरलेल्या मुदतीत मान्यता असलेल्या दुसऱ्या कॉलेजात जावं किंवा देश सोडावा.

संस्थेनं लगेच प्लायवुड काढून जागा मला परत दिली. मॅडमना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला सुचवलं गेलं. त्यांनी अर्ज दिला, पण मुदत संपेपर्यंत येत राहिल्या. आता त्या वाचनकक्षाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत बसत. उन्हातान्हात वर्धा, अमरावती, नागपुरातली कॉलेजं त्यांनी पालथी घातली. एकेका प्राचार्यासमोर उभं राहून, "पोट्टा चांगला आहे साहेब, फुटबॉल खेळते," असं सांगत त्यांनी एकेकाची सोय लावली. जोसेफ वर्ध्याला गेला. बाकीचेही कुठं कुठं गेले.

सलमाचं जमेना. शेवटच्या सत्रात कॉलेज बदलता येत नाही, हा विद्यापीठाचा नियम. तिचा परीक्षेचा अर्ज आधीच गेला होता, विद्यापीठाला तिच्या परीक्षेला बसण्याबद्दल काहीच हरकत नव्हती. पण देशात राहण्याची तिची मुदत परीक्षेच्या महिनाभर आधी संपत होती. ती वाढवायची तर कॉलेजचं पत्र हवं, आणि मान्यता गेलेल्या कॉलेजचं पत्र चालत नाही. मॅडम रोज कुठल्यातरी कार्यालयात जात. सगळीकडे लोक नीट बोलत, बसायला खुर्ची देत, पाणी देत, आणि तेच सांगत.

एक दिवस दुपारी वाचनकक्षात आम्ही तिघेच होतो. सलमा नेहमीच्या जागेवरून उठली आणि मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. आवाज शांत होता. मॅडमनीच तिला शिकवलेल्या बोलीत ती बोलली.

"मॅडम, चार वर्षांत मी एक दिवस सुट्टी नाई घेतली. तुमाले मालूम आहे."

"हौ."

"हमीदसाठी तुमी खोटं लिहिलं. माह्यासाठी आता काय लिहिता?"

 सलमा थोडी थांबली. तिला खरंच उत्तर हवं होतं, टोचून बोलायचं नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. मग तिनं तिची पुस्तकं गोळा केली, माझ्या टेबलावर आणून दिली, एकेक पान बघून घ्या म्हणाली. मी बघितली नाहीत.

ती गेली त्या दिवशी मॅडम विमानतळावर गेल्या होत्या. सलमा त्यांच्या पाया पडली, ते तिनं इथंच कुणाचं तरी बघून शिकलेलं. पण बोलली काही नाही, असं मॅडमनी मला एकदाच, फोनवर सांगितलं. "बोलली असती त बरं झालं असतं," असंही म्हणाल्या. कैरोहून नंतर कॉल आले का, ते मी विचारलं नाही.

हमीदला वाचवायला त्यांनी सलमा पणाला लावली, असं कॉलेजात काही जण म्हणत. तसं नव्हतं. त्यांनी कुणालाच पणाला लावलं नव्हतं. मोजून-मापून असं काही करणाऱ्या त्या नव्हत्याच. पण झालं ते तसंच झालं, हेही खरं आहे, आणि ते त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं, ते बी.फार्म.च्या अंतिम सत्राच्या पहिल्या पेपरला. आमचंच कॉलेज परीक्षा केंद्र होतं. सकाळीच ऊन तापलेलं. पोर्चमध्ये बैठक क्रमांकांचे कागद चिकटवले होते, मुलं त्यासमोर गर्दी करून होती. गर्दी ओसरल्यावर तिथं पराते मॅडम उभ्या दिसल्या. नोकरी सोडून त्यांना महिना होऊन गेला होता, पण चौकीदारानं त्यांना अडवलं नव्हतं. त्या कागद वाचत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा मला दिसलं, सलमाचा क्रमांक तिथं छापलेला होता. खोली आणि बाकासकट. अर्ज आधीच गेलेला होता, तो रद्द करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. पोर्च रिकामा झाला. मॅडम फाटकाच्या दिशेनं तोंड करून उभ्या राहिल्या.

मी आतून खुर्ची आणून ठेवली. त्या बसल्या नाहीत.

"कूलर चालू आहे आत," मी म्हणालो. "या, चहा घेऊ."

"उशिरा आलेल्याले अर्धा तास घेतात न अजून आत?"

"हो."

"मंग थांबते."

सलमा कैरोत होती. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. एक मुलगा धापा टाकत आला, ओळखपत्र दाखवून पळत आत गेला. मॅडमनी तो आत जाईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं. मग कुणी आलं नाही. रस्त्यावरून एक पाण्याचा टँकर गेला, एक शाळेची व्हॅन गेली. अर्धा तास भरला, तेव्हा आतून शिपाई आला आणि त्यानं जाळीचं सरकतं दार ओढून कुलूप लावलं. त्या आवाजाला मॅडम वळल्या. कुलूप लागलेलं त्यांनी नीट बघितलं.

"चला," त्या मला म्हणाल्या, जणू मीच त्यांना थांबवून ठेवलं होतं. आणि उन्हात उतरून स्कूटीकडे चालू लागल्या.